कंबरेवरचा गोंद

मी एक जुनी, वाळलेली, टाचणीवरची मुंगी आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माझी प्रजाती जन्मभर जमिनीखाली राहते. आम्हाला डोळेही नसतात. बांदामा नदीकाठच्या माळावर, कोनफळांच्या वरंब्याखाली आमचं घर होतं. प्राध्यापक लुकूंनी ते खणलं, माती चाळली आणि आम्हा बहिणींना स्पिरिटमध्ये बुडवलं. धड अशी मी एकटीच उरले. डूख फक्त नागच धरतो असं समजू नका.

मला टाचणीत खोवलेल्या कागदाच्या तुकड्यावर चिकटवताना त्यांनी घाई केली. गोंदाचा थेंब माझ्या कंबरेमागच्या खाचेत भरला. मुंगीचं घराणं ठरवताना कंबर बघतात. माझी दोन्हीकडून बारीक. पण गोंदामुळे ती पोटाला रुंद जोडलेली दिसली आणि लुकूंनी मला भलत्याच घराण्यात ढकललं, तशी चिठ्ठी आपल्या हाताने लिहून माझ्या टाचणीत ओवली. त्यावर त्यांचं नाव झालं. पाहुणे भिंगातून मला बघत आणि वाहवा लुकूंची करत. मग माझी पेटी कपाटात गेली. मी दात धरून वाट पाहत राहिले.

पुढे त्यांची विद्यार्थिनी अमेनान हिने मला बाहेर काढलं. तिच्या प्रबंधात माझं घराणं वेगळं होतं. लुकूंनी सही अडवली. सही नाही तर तिची सगळी मेहनत फुकट. ती प्रबंध तपासणाऱ्या समितीपुढे म्हणाली, "सर, तो गोंद आहे, कंबर नाही. भिजवून बघू या."

"पोरी, मी माती चाळत होतो तेव्हा तू आईच्या पाठीला बांधलेली होतीस."

"होते ना, सर. आता उतरलेय."

समितीतली माणसं तोंडावर हात धरून हसली. लुकूंनी चिडून आपल्याच हाताने मला कोमट पाण्यात टाकलं. माझी वाळकी कंबर तुटली असती तर अमेनान बुडाली असती. मी अंग आवळून धरलं. गोंद सुटला. लुकू भिंगावर वाकले आणि त्यांना माझी दोन्हीकडून बारीक कंबर दिसली. मग त्यांनी सही केली. मला जराही दया आली नाही.

अमेनानने मला पुन्हा नीट चिकटवलं आणि नव्या घराण्याची चिठ्ठी माझ्या टाचणीत ओवली. लुकूंनी हळूच विचारलं, "जुनी काढून टाकतेस?"

"नाही, सर. टाचणीवरची चिठ्ठी कधी काढायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांना हात लावाल तेव्हा जपून लावा. लुकूंची चूक त्यांच्याच अक्षरात माझ्या पायाखाली आहे. ते जातील, ती चिठ्ठी राहील. मी रोज तिच्यावर उभी असते.