काचेचा बूट, आरतीचा चेहरा

“मिचकव डोळे. अगं, दोन्ही मिचकव. आता हसू नको!”

आरती अंगणवाडीच्या दारात उजेडाकडे तोंड करून उभी होती आणि मी तिच्यासमोर सरकारी मोबाइल धरला होता. पडद्यावरचं वर्तुळ बराच वेळ फिरलं आणि मग तांबड्या अक्षरांत तेच उमटलं. चेहरा जुळत नाही. आज सलग तिसरा दिवस होता.

“पुन्हा न्हाई म्हणलं का?” आरतीनं विचारलं.

“न्हाई म्हणलं. तुझ्याशी काय वैर हाय याचं, कुणास ठाऊक.”

देगलूर तालुक्यातल्या या गावात मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवते. पूर्वी गरोदर बाईला आहार द्यायचा तर नाव लिहायचं, अंगठा घ्यायचा, की झालं. आता तिचा चेहरा आधारवरच्या फोटोशी जुळल्याशिवाय आहाराचं पाकीट हलवायचं नाही. आरतीची पाकिटं माझ्याच कपाटात होती, किल्ली माझ्याच कमरेला होती. सात महिन्यांची पोटुशी बाई समोर उभी होती, जिच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं. आणि ती आरतीच आहे हे ठरवणार कोण, तर हे डबडं. माझा नुसता जळफळाट होत होता.

पहिल्या दिवशी तिला तोंड धुवायला लावलं. दुसऱ्या दिवशी टिकली काढायला लावली, उन्हात उभं केलं, आधारच्या फोटोत वेणी पुढं होती म्हणून वेणी पुढं घ्यायला लावली. तो फोटो तिच्या माहेरचा, अहमदपूरचा, सोळाव्या वर्षीचा. दुसरा मार्ग ओटीपीचा. तो जाणार तिचा नवरा महांतेश याच्या मोबाइलवर, आणि महांतेश हैदराबादला ट्रक चालवतो. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. उन्हात उभी असताना आरती म्हणालीसुद्धा, “बाई, डोकं लई ठणकून राहिलंय.” मी म्हटलं, “ऊन लागलं असंल, पाणी पी.” आणि पुन्हा मोबाइल धरला.

आज महिनाअखेर होती. आज जुळलं नाही तर या महिन्याचा आहार गेला. तेवढ्यात पर्यवेक्षिका शिल्पा मॅडमचा फोन आला.

“अंबिकाताई, गोष्टीचा व्हिडिओ अजून आला नाही तुमचा. बीटातल्या सगळ्या अंगणवाड्यांत फक्त तुमचाच राहिलाय.”

“मॅडम, इथं आरतीचं चेहऱ्याचं काम चालू हाय...”

“ते नंतर करा. व्हिडिओ बारापर्यंत वर पाठवायचाय. गोष्ट पाठवलीय ना तुम्हाला? त्यातलीच सांगा, मनाची नको. आणि तात्पर्य विसरू नका.”

गोष्ट पाठवली होती. कुणीतरी कार्यालयात बसून दोन पानांत टाइप केलेली. चुलीपाशी निजणाऱ्या गरीब पोरीची, सावत्र आईची आणि काचेच्या बुटाची. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य होतं, ‘दयाळू राहा, आशा सोडू नका, चांगल्याचे चांगलेच होते.’ आणि त्याखाली कंसात सूचना होती की तात्पर्य सांगताना सेविकेचा चेहरा प्रसन्न असावा.

“बस थोडा वेळ,” मी आरतीला म्हटलं. “व्हिडिओ झाला की परत बघू.” ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. बसताना तिनं एक हात जमिनीला टेकवला आणि मोठा श्वास सोडला. माझी मदतनीस सिंधु हिच्या हातात मी मोबाइल दिला, पदर नीट केला आणि सतरा पोरांसमोर बसले.

गोष्ट मला पाठच होती. पोरगी उपाशी राहून आपली अर्धी भाकर उंदरांना देते, दारात आलेल्या म्हातारीला पाणी देते. तीच म्हातारी मग भोपळ्याची गाडी करते, पोरीला भरजरी कपडे देते, काचेचे बूट देते. इथं पोरं खवळली.

“काचेचा? फुटंल की बाई!”

“पायात घुसंल!”

“जादूची काच हाय. गप बसा,” मी मोबाइलकडे बघून प्रसन्न हसत म्हटलं. मग राजवाडा, रात्रभर नाचगाणं, बाराचे ठोके, जिन्यावर राहिलेला एक बूट. राजपुत्र तो बूट घेऊन घरोघर फिरतो. कुणाचा पाय मोठा, कुणाचा लहान. शेवटी चुलीपाशी बसलेल्या पोरीच्या पायात तो बरोबर बसतो. झालं. आता फक्त तात्पर्य उरलं होतं.

“म्हणून बाळांनो, नेहमी दयाळू...”

“बाई, एक विचारू का?” दारातून आरती म्हणाली. “त्यो रातभर तिच्यासंगं नाचला म्हणता. मग तिचं तोंड ध्यानात राहिलं न्हाई का त्याच्या? बूट कशापायी फिरवला गावभर?”

सिंधु फिसकन हसली आणि तिच्या हातातला मोबाइल हलला. पोरंही हसली. माझं डोकं फिरलं. साडेअकरा वाजून गेले होते, आणि आता भोपळ्यापासून सगळं पुन्हा करावं लागणार होतं. आरतीला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी वळले आणि तिच्याकडे बघितलं.

तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. नाक रुंद दिसत होतं, ओठ जाड. पाच वर्षं बघत आले होते मी या पोरीला. तिची हनुवटी निमुळती होती, गालांची हाडं वर आलेली होती. यातलं काही दिसत नव्हतं. मोबाइल खोटं बोलतच नव्हता. हा चेहरा जुळत नाही, असं तो तीन दिवस सांगत होता आणि मी त्यालाच शिव्या घालत बसले होते.

मी उठून तिच्यापाशी गेले. साडी जरा वर करून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. हातातल्या बांगड्या रुतल्या होत्या.

“डोकं अजून दुखतंय?”

“हाव. अन् सकाळपासून अंधुक दिसून राहिलंय. पर अव्वा म्हणल्या, अंगानं भरलीस, चांगलं हाय.”

अव्वा म्हणजे तिची सासू गंगम्मा. पण त्या एकट्याच कशाला, सोमवारी मीसुद्धा हेच म्हटलं होतं. ‘छान भरलीस गं,’ असं म्हणून तिच्या पाठीवर थापही मारली होती. गरोदर बाईच्या तोंडावर सूज आली की काय समजायचं, यावर मी सहा प्रशिक्षणं घेतली आहेत. प्रमाणपत्रं घरात भिंतीला लावली आहेत. माझी मलाच शिसारी आली.

सिंधुच्या हातातून मोबाइल ओढून मी एकशेआठला फोन लावला. सिंधुनं हाक मारली तशा गंगम्मा धावत आल्या.

“दवाखाना कशाला? पोर खातीपिती हाय, अंग धरलंय तिनं. अजून दोन महिने हायत!”

“अव्वा, गप बसा!” मी ओरडले. गावात वडीलधाऱ्या बाईवर असं ओरडायची ही माझी पहिलीच वेळ. “आधारकार्ड घ्या, दोन लुगडी घ्या अन् चला.”

गाडी पाऊण तासानं आली. देगलूरच्या दवाखान्यात नर्सनं एकदा रक्तदाब मोजला, मग पट्टा सोडून पुन्हा मोजला आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली. तासाभरात आरतीला नांदेडला हलवलं. गंगम्मा तिच्यासोबत गेल्या. मी दवाखान्याच्या फाटकात उभी असताना शिल्पा मॅडमचा चौथा फोन आला.

“ताई, साडेतीन वाजले. तुमच्या एकटीमुळे अहवाल अडलाय.”

“मॅडम, तात्पर्य राहिलंय सांगायचं,” मी म्हटलं आणि फोन बंद केला.

आरती वाचली. पोट कापून बाळ काढावं लागलं. मुलगा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगला.

नांदेडहून आल्यावर गंगम्मांनी मला सगळं सांगितलं. “डाक्टर म्हणले, तीन-चार दिस आधी आणली असती तर दोघं बी निघाली असती.” त्यांच्या बोलण्यात माझ्यावर ठपका नव्हता. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं की ते तीन दिवस त्यांची सून माझ्याच दारात उभी होती, रोज तोंड धुऊन.

मासिक बैठकीत शिल्पा मॅडमनी माझं नाव घेतलं. सेविकेच्या तत्परतेमुळे मातेचा जीव वाचला, असं त्यांनी वाचून दाखवलं आणि साठ बायकांनी टाळ्या वाजवल्या. उठून सांगावं असं फार वाटलं. मॅडम, मी तीन दिवस तिचा फोटो काढत होते, एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. पण नाही सांगितलं. टाळ्या थांबेपर्यंत खाली मान घालून बसले. दयाळूपणाचं बक्षीस मिळतं ते असं.

आरती आली ती विसाव्या दिवशी. थोरल्या मुलीला अंगणवाडीत सोडायला आली होती. सूज उतरली होती, हनुवटी पुन्हा निमुळती झाली होती. पोरीला आत बसवून ती दारात घुटमळली.

“येऊ नको म्हणत होत्या अव्वा. सव्वा महिना व्हायचाय. पर घरात बसवंना.”

मग जे रोज रात्री पडल्या पडल्या मनात घोळवत होते, तेच एकदम बाहेर पडलं.

“आरती, तीन दिवस तू माझ्यासमोर उभी होतीस. मी बघायला पाहिजे होतं गं. माझी चूक झाली. माझ्यामुळं तुझं लेकरू...”

ती दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिली. रडली नाही.

“तुम्ही तिसऱ्या दिवशी तरी बघितलं, बाई,” ती म्हणाली. “घरात महिनाभर कुणी बघितलं न्हाई. ह्यांनी तर फोनवरच ‘बरी हायस का’ विचारलं, अन् मी हाव म्हणलं. मला बी आरशात बघायला सवड न्हाई झाली.”

सिंधुनं खिचडीचं पातेलं आणून ठेवलं. पोरांनी ताटल्या पुढं केल्या. मी पहिली ताटली भरली आणि आरतीच्या हातात दिली.

“माझं नाव कटलं असंल ना आता?” तिनं विचारलं. “पोटुश्या बायांच्या यादीतून?”

“कटलं.”

“मग हे कशात लिहिता?”

“कशातच न्हाई. खा तू.”

ती पोरांच्या ओळीत, आपल्या मुलीशेजारी मांडी घालून बसली. पहिला घास तिनं मुलीला भरवला, दुसरा स्वतः घेतला. पोटावरचे टाके ओढत असावेत, कारण दर घासाला ती जरा थांबत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि ताटली रिकामी होईपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.