जवळा आणि धावपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी धावपट्टी आहे. या देशाच्या पश्चिम किनाऱ्याचे मी रक्षण केले. कोणापासून, ते मला कोणी सांगितले नाही.

वसईच्या समुद्राजवळ भातखाचरे आणि मिठागरे बुजवून, महायुद्धाच्या घाईत, मला बांधले. माझे काँक्रीट सुकेपर्यंत युद्ध संपले. पुढे स्वतंत्र देशाच्या हवाई दलाने इथे तळ ठेवला. छोटी विमाने उतरत. शाळेची मुले कुंपणाला लटकून टाळ्या वाजवत. टाळ्या विमानाला, धक्के मला. मग चहूबाजूंनी इमारती उठल्या, तळ दुसरीकडे गेला आणि जाताना लोकांनी दिव्यांच्या काचासुद्धा नेल्या. मी जड होते म्हणून राहिले.

नंतर मला काम दिले ते कोळणींनी. मे महिन्यात, आगोटीच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या विक्रीसाठी, त्या माझ्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळवतात. काँक्रीट तापते, जवळा दिवसभरात कडक होतो. बायका काठ्या घेऊन बसतात आणि घारी-कावळ्यांना शिव्या घालतात. विमानतळाची शिस्त म्हणाल तर तेवढीच उरली आहे.

यंदा जयवंतरावांना माझा इतिहास आठवला. ते नालासोपाऱ्यात फ्लॅट घेतलेले निवृत्त साहेब आणि माझ्या आठवणी जपायला काढलेल्या स्मृती समितीचे अध्यक्ष. माझा इतिहास लिहिलेल्या फलकाचे अनावरण करायला प्रमुख पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते. खोटे कशाला बोलू, मलाही भरून आले. किती वर्षांनी कोणीतरी माझ्यावर उतरणार होते!

त्या सकाळी कोळणींपैकी अँजेलिनाने जवळा पसरला होता. मासेमारी बंद होण्याआधीची नवऱ्याची ती शेवटची खेप. पावसाळ्याचे चार महिने घर त्यावर चालायचे होते.

"उचला हे सगळं," जयवंतराव म्हणाले. "पाहुणे अकराला येतायत."

"अवो सायेब, पानी अजून निथळलं नाय. टोपल्यांत कोंबला तर सांजेपर्यंत आंबेल."

"फक्त अर्धा तास, बाई. देशासाठी एवढं करा."

"देश काय जवळा खात नाय?"

जयवंतरावांच्या पत्नी सरोजिनीताई हार सांभाळत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, देशाचं राहू द्या. तुम्हीच आठवड्यातून दोनदा खाता."

पण समितीपुढे बायकांचे कुठे चालते! जवळा टोपल्यांत भरला गेला. वास येऊ नये म्हणून त्यावर ताडपत्री घातली. सुरक्षेसाठी बायकांना काठ्यांसकट दोरीच्या पलीकडे उभे केले. माझ्यावर चुन्याचे मोठे वर्तुळ काढले. अकरा वाजले, बारा वाजले, दीड वाजला. पाहुणे ते पाहुणे, उशीर व्हायचाच. ताडपत्रीखाली जवळा घामेजला. मला इंजिनाच्या तेलापासून म्हशींच्या शेणापर्यंत सगळ्याची सवय आहे, पण तो वास माझ्याही फटींत उतरला.

घारींना तो फार आधी कळला होता. मग कावळे आले. बगळे आले. वर्तुळात पाय ठेवायला जागा उरली नाही.

हेलिकॉप्टर आले तेव्हा आकाश भरलेले होते. त्याने लांबूनच दोन घिरट्या घातल्या आणि तोंड फिरवले.

"ही पाखरं आली कुठून?" जयवंतराव ओरडले. "रोज नसतात!"

"रोज आमी हाकलतो ना," दोरीपलीकडून अँजेलिना म्हणाली. "आज तुमी आमालाच हाकललं."

दोरी तिने स्वतःच सोडली. ताडपत्री काढून मूठभर जवळा नाकाशी नेला आणि परत टोपलीत टाकला. सरोजिनीताईंनी हार खाली ठेवला आणि टोपलीचा दुसरा कान धरला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे आम्ही शेवटी सांगायचे असते. घ्या. पण फलक लावण्याआधी, त्या वस्तूवर सध्या कोणाचे पोट पसरले आहे, तेवढे वाकून बघत जा. मला झाडू पुरतो.

पाहुण्यांनी अनावरण फोनवरून केले. जवळा कोंबड्यांच्या खाद्याला गेला.