मनगटाशी थोडी निळी

कृत्रिम हात-पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे रंगवाली म्हणत. साचेवाले काका हाताचा आकार घडवून देत आणि त्यावर कातडीचा रंग चढवायचं काम हिचं. अठरा वर्षं खिडकीपाशी बसून तिने लोकांच्या तळव्यांतला गुलाबीपणा, नखांखालची लाली, उन्हाने रापलेली मनगटं हुबेहूब उतरवली होती. गिऱ्हाइकं हात घेऊन जाताना मालकांचे आभार मानत. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे आणि तिलाही त्याची सवय झाली होती. तिच्या पूर्वजांना कधीकाळी जहाजांत भरून या देशात आणलं होतं. त्यांचा रंग आणि कुरळे केस चार पिढ्यांनंतरही तिच्या अंगावर होते.

एके दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचा अर्ज आला. अपघातात उजवा हात गेलेला. त्या हिच्याच लोकांपैकी होत्या. अर्जात कातडीच्या रंगासाठी तीन रकाने होते, गोरा, गव्हाळ, गडद. पहिल्या दोन्हींत पाच-पाच छटा आणि गडदमध्ये एकच. बाईंनी कुठेच खूण केली नव्हती. मालक म्हणाले, गडदच देऊन टाक, त्यात काय पाहायचंय.

तिने गडद रंगाचा डबा उघडला आणि सहज अर्ज उलटा केला. मागे लिहिलं होतं:

रकाना म्हणतो, गडद.
गडद काय? विहिरीतलं पाणी? भाजलेली वीट?
माझ्या पेरांवर ओल्या मातीचा रंग होता,
तळव्यात शिंपल्याच्या आतला.
मनगटाशी, जिथे नाडी लागते,
तिथे मी थोडी निळी होते.
कुणी पाहिलं नाही.
मी पाहिलं होतं.

तिने ते दोनदा वाचलं. मग बाही वर सारून आपलं मनगट खिडकीच्या उजेडात धरलं. निळं होतं. अगदी पुसट, पण होतं. पेरांवर ओली माती होती, तळव्यात शिंपला होता. भिंग घेऊन अठरा वर्षं तिने परक्यांची कातडी न्याहाळली होती आणि स्वतःचा हात तिने कधी पाहिलाच नव्हता. आपल्याबद्दल असं लिहिता येतं, इतकं नेमकं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या आठवड्यात तिने गडदच्या डब्याला पुन्हा हात लावला नाही. तांबडा, पिवळा, नीळ असे थेंब-थेंब मिसळून ती एकेक ओळ रंगवत गेली. शिंपला चार वेळा फसला. मालक कुरकुरले. तिने फक्त एवढंच सांगितलं, की अजून झालेलं नाही.

बाई आल्या. हात बसवला. त्यांनी तो डाव्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. मग बोटाने नव्या मनगटावर नाडीची जागा शोधली.

“हे निळं तुम्हाला दिसलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्ही लिहिलंत म्हणून दिसलं, बाई. माझ्यातही आहे.” तिने मनगट पुढे केलं. “एकदा वाचून दाखवाल?”

बाईंनी वाचलं. आवाज मोठा नव्हता, पण यंत्र बंद पडावं तशी खोली शांत झाली. साचेवाले काका ओल्या प्लास्टरने माखलेले हात तसेच धरून उभे राहिले. मालक दारातच थबकले आणि या खोलीत आणखी कुणी बसतं हे आत्ताच कळल्यासारखे रंगवालीकडे पाहत राहिले. ती मात्र बाईंच्या ओठांकडे पाहत होती. तेच शब्द, पण आता ते तिच्या पाठीतून खाली उतरत होते.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, “तुम्हाला स्वतःवर लिहायचं झालं, तर कुठून सुरुवात कराल?”

आयुष्यात तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिचा हात मानेमागे गेला. कुणी घाई केली नाही.

“मानेपासून,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या आईची मान उन्हात तांब्यासारखी दिसायची.”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली.