छत्री बावन्न

अरे ऐका तरी! पेपरात अर्धीच गोष्ट आलीय. पूर्ण मला माहितीय, कारण ते पडदे माझ्या मावशीने शिवलेत आणि तो कोपरा उसवला तेव्हा मी तिथे होते, कात्री हातात घेऊन!

तर महापालिकेच्या सभागृहाला हिरव्या मखमलीचे पडदे हवे होते. काम मावशीला मिळालं. मावशी कशी आहे माहितीय ना? एक टाका तिरका गेला तर जेवत नाही. महिनाभर आमच्या घरात बसायला खुर्ची नव्हती, सगळीकडे मखमल! पडदे लागले, सगळे वा वा म्हणाले, संपलं.

तीन महिन्यांनी बातमी. सभागृहात लटकलंय पातळ, फडक्यासारखं कापड. मखमल गेली कुठे? महापौरांनीच पळवली, असा आरोप. आणि महापौर काय म्हणाले? "शिंपिणीने कापड बदललं असणार, तिलाच विचारा!"

झालं! मावशीला नोटीस. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर दुकानाचा परवाना रद्द. समोरची बाई ब्लाउजचं कापड परत घेऊन गेली, म्हणे, "घाई नाही हो, राहू दे." मावशी तिच्यासमोर हसली आणि आत येऊन मशीनवर डोकं टेकून बसली. तीस वर्षांचं दुकान हो! मला इतका राग आला ना!

सहाव्या दिवशी महापौर टीव्हीवर. स्वतःच्या घरात बसून मुलाखत, मी किती साधा राहतो वगैरे. मागे खिडकी, खिडकीला हिरवी मखमल! विचारलं तर म्हणे, "सासूबाईंनी प्रेमाने दिलेत."

मावशी टीव्हीला नाक लावून बघतेय. "वरच्या चुण्या कुणीतरी अडाण्याने घातल्यात," ती म्हणाली. "पण खालची दुमड माझी आहे."

"मग चल ना, सांगूया!"

"हिरवी मखमल काय जगात एकच आहे?" असं म्हणाली आणि टीव्हीच बंद केला. चेहरा लालबुंद.

"मावशी, काय लपवतेस?"

खूप खोदल्यावर बोलली. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या कोपऱ्यात वजन शिवतात, शिशाचं. ती वजनं वेळेत आली नाहीत, उद्घाटन तोंडावर. मग तिथल्या शिपाईकाकांनी भंगारातला एक डबा आणून दिला. लोक छत्र्या ठेवायला द्यायचे ना सभागृहाबाहेर, तेव्हा मिळायचे ते जुने, नंबर कोरलेले पितळी बिल्ले. मावशीने तेच कोपऱ्यांत शिवले. नंतर बदलते म्हणाली आणि विसरली!

"अगं, मग हाच तर पुरावा!"

"पुरावा कसला, भंगार शिवलंय मी! चारचौघांत सांगू? मेले तरी नाही!"

मी म्हटलं, "बरं, मग चोर म्हणून नाव राहू दे. काम तरी नीट होतं म्हणतील."

तिने मशीनवर कव्हर टाकलं. मग चप्पल घातली.

नोटीस ज्यांनी काढली त्या चौकशीवाल्या बाई एकदम कडक. चष्म्यावरून बघणाऱ्या. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "गाडी काढा." तशाच आम्हाला घेऊन महापौरांच्या घरी!

महापौर गोड. "या ताई, बसा. अहो, गैरसमज आहे सगळा." आणि कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई, पाय वर घेऊन पेपर वाचत.

चौकशीवाल्या बाईंनी सरळ विचारलं, "आजी, हे पडदे तुम्ही दिलेत?"

"मी? मी तर जावईबापूंना घड्याळ दिलं होतं. तेही दिसत नाही हल्ली."

महापौर म्हणाले, "वय झालंय त्यांचं, विसरतात."

"वय माझं झालंय, डोकं नाही," आजी म्हणाल्या आणि पान उलटलं. मला हसू आवरेना!

मावशी पडद्याजवळ गेली. खाली वाकून दुमड चाचपली. "साहेब, एक कोपरा उसवू का?"

"खुशाल उसवा! आत काय सोनं निघणार आहे?" ते मोठ्याने हसले. त्यांना काय माहीत! पडदे आखूड करताना त्यांच्या माणसाने वरून कापले होते. खालची शिवण इतकी सुबक, तिला कोण हात लावेल?

मी कात्री दिली. मावशीने चार टाके कापले आणि ठण्ण! बिल्ला फरशीवर पडला आणि घरंगळत थेट महापौरांच्या बुटाशी. चौकशीवाल्या बाईंनी उचलून मोठ्याने वाचलं: "महापालिका. छत्री बावन्न."

आजी म्हणाल्या, "अगंबाई! छत्री पण?"

मावशी एका दमात बोलून गेली, "वजनं नवीन घालायची होती, मी जुने बिल्ले घातले, चूक झाली, लिहून घ्या!"

बाईंनी पहिल्यांदा चष्मा काढला. "लिहून घेते. आणि हेही लिहिते, की दुमड कुठेही तिरकी नाही."

आता महापौर रजेवर, चौकशी चालू, परवाना शाबूत. ब्लाउजवाली बाई दोनदा येऊन गेली, मावशीने तिला दोन्ही वेळा "घाई नाही हो" म्हटलं! पडदे सभागृहात परत लागले, वरून कापड जोडून. पण गंमत पुढेच. मावशी शिशाची वजनं घेऊन गेली, तर चौकशीवाल्या बाई म्हणाल्या, "पुराव्याला हात लावायचा नाही. निकालापर्यंत बिल्ले आतच राहतील."

काल आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. वारा आला, पडदे भिंतीला लागले, ठण्ण ठण्ण! सगळे सभासद वळून महापौरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले. मावशीने तोंड पदरात लपवलं. "ऐकलंस? माझी चूक वाजतेय."

मी म्हटलं, "वाजू दे गं! तूच बघ, सरळ किती पडलेत."

तिने पदराआडून एक डोळा उघडला, पडदे नीट न्याहाळले आणि म्हणाली, "हं. पडलेत खरे."