भैरवीच्या बारशाचे धपाटे

माझ्या नवऱ्यानं, कृष्णराजनी, कळंबहून माझा फोन आणला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "वहिनींना म्हणावं, डोळे झाकून वापरा." खरंच आहे. डोळे उघडे ठेवून तो वापरवतच नाही. आवाज कमी करायचं बटण दाबलं की हमखास वाढतो. कानाशी धरलं तर ऐकूच येत नाही, म्हणून सगळं मोठ्यानं लावायचं. आमची गुपितं निम्म्या ईट गावाला ठाऊक. आणि पडद्याला माझं बोट मान्य नाही. कोरडं नाही, ओलं नाही.

अशा फोनवर माझ्या लेकीचं नाव ठेवायचं होतं.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं सांगितलं, कानात पडलं, की झालं. मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. पण आत्या, म्हणजे माझी नणंद अस्मिता, हैदराबादला, आणि तिलाच नववा लागलेला. ती फोनवरूनच सांगणार होती.

सासूबाईंना त्यांच्या आईचं नाव हवं होतं, महानंदा. मला भैरवी. पोटात होती तेव्हापासून मी तिला त्याच नावानं हाक मारायचे, आणि ती आतून लाथ मारून ओ द्यायची. सासूबाईंपुढं बोलायची छाती नव्हती, म्हणून गुपचूप अस्मिताला गाठलं.

पाळणा सजला. बायका जमल्या. फोन बाळाच्या उशीशी ठेवला. पडद्यावर अस्मितानं "कुर्रर्र" म्हणायला ओठांचा चंबू केला आणि तशीच राहिली. एक डोळा अर्धा मिटलेला.

"हिला काय झालं गं?" शेजारच्या नागूबाई घाबरल्या.

"तिला न्हाय, फोनला झालंय," मी म्हणाले. पुसला, फुंकला, थोपटला. फोन कट झाला आणि अस्मितानं बोलून पाठवलेले जुने निरोप तेवढे समोर आले. पुढं ढिम्म.

सासूबाईंनी पदर खोचला. "आत्या न्हाय तर आजी हाय. सरक."

त्या पाळण्यात वाकल्या. "कुर्रर्र..."

तेवढ्यात लेकीची मूठ धपकन फोनवर पडली. माझ्या दहा बोटांना न जुमानणारा फोन तिच्या एवढ्याशा मुठीला लगेच वश झाला.

"वहिनी!" अस्मिताचा आवाज घुमला. "आईला म्या महानंदाच म्हणलंय. म्हातारी लई खूश हाय. पर कानात सांगणार भैरवी. भैरवी!"

मी झडप घालून आवाज कमी करायचं बटण दाबलं.

"तुम्ही निस्तं गुमान बसा!" हे पलीकडच्या गल्लीनंही ऐकलं.

नागूबाईंनी सासूबाईंकडं बघत तोंडाला पदर लावला. "पडलं की गं कानात! आत्याच्याच तोंडचं. चंद्रप्रभे, लेकीचा आवाज वळखू आला न्हाय व्हय?"

सासूबाई पाळण्यात बघत राहिल्या. लेकीनं ऐसपैस जांभई दिली. त्यांनी तिच्या गालावरून बोट फिरवलं.

"भैरवे," त्या हळूच म्हणाल्या, "आल्या आल्या आजीला फशिवलंस व्हय गं?"

माझे डोळे भरून आले. पण सासूबाई कंबरेवर हात ठेवून वळल्या होत्या.

"आता धपाटे कुणाला घालायचे?"

मी तत्परतेनं फोन पुढं केला.

"त्याला कशाला? त्यानं खरं सांगितलं." त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं. "वहिनी गुमान बसलीय की इथं."

बायकांनी खिदळत हलके हलके धपाटे घातले. सासूबाईंनी शेवटी दोन घातले, चांगले सणसणीत.

"ह्यो तुझा," त्या म्हणाल्या. "आन ह्यो हैदराबादला पोचीव."