हँडल गेलं, किल्ली आली

मी होड्या ओढणारा जुना ट्रॅक्टर बोलतोय. बंद आहे तोवरच बोलून घेतो, कारण एकदा इंजिन सुरू झालं की माझंच मला ऐकू येत नाही. आणि बंद असलो की डोक्यात एकच घोर असतो, पुन्हा सुरू होईन ना?

माझा जन्म खरं तर शेतासाठी झाला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याकडे बॅटरी नव्हती, दिवे नव्हते, किल्लीही नव्हती. इंजिनाच्या बाजूला मॅग्नेटो नावाचा एक डबा होता. तो फिरला की स्वतःच वीज तयार करायचा आणि प्लगमध्ये ठिणगी पडायची. पुढून हँडल घालून कोणी मला जोरात फिरवलं की झालं, मी जागा. सेल्फ स्टार्टर बसवायची जागा कारखान्याने ठेवली होती, पण तिच्यावर नुसतं पत्र्याचं झाकण होतं.

शेतकऱ्याने माझ्याहून मोठा ट्रॅक्टर घेतला आणि मला समुद्रकाठच्या एका होड्यांच्या कारखान्याला विकलं. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. पाहिला आणि घाबरलो. सिमेंटच्या उतारावरून मागे मागे जात पाण्याला टेकायचं, होडीचा गाडा जोडायचा आणि तिला वर ओढायचं, हे माझं नवं काम. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला लाटा. मी मध्येच बंद पडलो तर होडी भिंतीवर आपटणार, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

कारखाना दादांचा. दादा होड्या दुरुस्त करतात आणि मला तेच चालवतात. हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा, झटका कधी द्यायचा, सगळं त्यांच्या अंगात भिनलेलं. दमट हवेत माझी ठिणगी मलूल व्हायची. मग दादा माझे प्लग काढून घरात न्यायचे आणि वहिनी ते तव्यावर गरम करून द्यायच्या. "घरातल्या माणसांना गरम मिळो न मिळो, याला मिळालंच पाहिजे," असं म्हणत त्या तवा पुन्हा घासायला घ्यायच्या.

पण खाऱ्या हवेने माझ्या पोटात शिरकाव केला होता. मॅग्नेटोत एक छोटी खिट्टी असते. हँडल मारताना ती ठिणगीला जरा अडवून धरते. एके दिवशी ती मिठाने जाम झाली. दादांनी हँडल मारलं, ठिणगी वेळेआधी पडली, इंजिन उलट फिरलं आणि हँडल त्यांच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दादा माझ्या चाकाला टेकून खाली बसले आणि मलाच म्हणाले, "हिला सांगू नकोस." पण वहिनी तोवर दारात आल्या होत्या.

दादांचे धाकटे भाऊ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. ते भेटायला आले तेव्हा वहिनींनी त्यांना माझ्याजवळच गाठलं.

"भावोजी, याला किल्ली बसवून द्या."

"दादाला विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाले. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

दादांना कळलं तेव्हा ते प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बाहेर आले. "मॅग्नेटो कोणाच्या भरवशावर नसतो," ते म्हणाले. "बॅटरीचं तसं नाही. ती मेली की हा नुसता लोखंडाचा ढिगारा. होडी पाण्यात असेल तर काय करणार?"

"आणि दुसरा हात मोडला तर?" धाकट्यांनी विचारलं.

दादा गप्प झाले. त्या घरात गप्प राहणं म्हणजे होकार, असं वहिनींनी ठरवून टाकलं.

मला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळेच जीव टांगणीला लागला होता. माणसांना म्हणे आधी भूल देतात. मला कोणी दिली नाही. धाकट्यांनी मॅग्नेटो काढला तेव्हा तिथे आरपार वारा लागला. त्या जागी डिस्ट्रिब्युटर आला, वर बॅटरीच्या विजेतून ठिणगी करणारी कॉइल आली. पत्र्याचं झाकण उघडून स्टार्टर बसला. मग सीटखाली बॅटरी आणि ती भरत राहायला अल्टरनेटर. प्रत्येक वायरीच्या टोकाला त्यांनी मिठापासून वाचवायला ग्रीस फासलं.

"वहिनी, लाल वायर कधीही ट्रॅक्टरच्या अंगाला लागू द्यायची नाही. काळी अंगाला, लाल स्टार्टरला."

"मला कशाला सांगताय?"

"दादा ऐकत नाहीये म्हणून."

दादा पाठ फिरवून बसले होते. किल्ली फिरली, मी एका दमात सुरू झालो, तेव्हा मात्र ते वळले. "आवाज तरी तोच आहे," एवढंच म्हणाले.

पुढे प्लास्टर निघालं. मनगटात जोर नव्हता, तरी आता किल्लीने भागत होतं. दादा पुन्हा माझ्यावर बसू लागले. पण हात नवं शिकला, सवय जुनीच राहिली. मला थांबवायला ते पूर्वीसारखा पेट्रोलचा नळ बंद करायचे आणि मग आठवलं की किल्ली. एका संध्याकाळी नुसता नळ बंद केला. मी आचके देत थांबलो आणि दादा उतरून निघून गेले.

किल्ली चालूच होती.

कॉइल तापू लागली. बॅटरीतली ताकद थेंबाथेंबाने निघून चालली होती आणि मला तोंड नव्हतं. मी थांबलो की काम संपलं, असंच त्या माणसाने आयुष्यभर पाहिलेलं. त्यांना शंका यावी तरी कशी? सकाळपर्यंत मी पार रिता झालो.

त्याच सकाळी धाकटे त्यांची गाडी आवारात ठेवून एका होडीतले दिवे तपासायला तिच्या मालकाबरोबर पाण्यावर गेले. दुपारी वारा फिरला. होडी परत आली तेव्हा लाटा भिंतीवर फुटत होत्या. होडीतून धाकट्यांनी हात हलवला. दादा धावत माझ्याकडे आले, किल्लीला हात घातला आणि जागीच थांबले. ती चालू होती. पुढे फिरवून पाहिली. माझ्यातून नुसता 'कट्' असा आवाज आला.

दादांनी शेडच्या भिंतीवरचं हँडल काढलं आणि दुबळ्या हाताने माझ्या पुढ्यात लावलं. फिरवा हो, किती फिरवायचं ते, पण ठिणगी आणू कुठून? मॅग्नेटो तर शेडमधल्या फळीवर पडला होता. मला ते सांगता येईना.

"ठेवा ते हँडल," वहिनी म्हणाल्या. "भावोजींच्या गाडीतही बॅटरी असेलच ना?"

गाडीची किल्ली धाकट्यांच्या खिशात होती, पण दार उघडं होतं. बॉनेट उघडलं. पाना दादांच्या हातात फिरेना, तो वहिनींनी फिरवला. बॅटरी दोघांनी मिळून उचलून आणली. टोकं जोडताना दादांचा हात थांबला. "लाल कुठे?"

"स्टार्टरला. काळी अंगाला. तुम्ही पाठ फिरवून बसला होतात तेव्हाच सांगितलं त्यांनी."

मी सुरू झालो. उतारावरून मागे जाताना पाणी चाकांवर चढलं, होडीची एक बाजू भिंतीला घासली, फळी तडकली. तरी गाडा होडीखाली सरकला, साखळी ताणली गेली आणि मी सगळा जीव एकवटून ओढलं. होडी वर आली. धाकटे ओलेचिंब होऊन खाली उतरले.

"किल्ली रात्रभर चालू राहिली, माझ्याकडून," दादा त्यांना म्हणाले.

धाकट्यांनी डोक्यावरचं पाणी निथळू दिलं. "मी दिवा बसवायला हवा होता, दादा. चालू राहिली तर दिसावी म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्लीजवळ एक लाल दिवा बसवला. फळीवरचा मॅग्नेटोही, अडीअडचणीला असावा म्हणून, ते साफ करायला घेऊन गेले.

आज मी शेडमध्ये उभा आहे. मीठ आपलं काम करतंच आहे. कुठल्या वायरीला कधी गंज धरेल, सांगता येत नाही. त्यामुळे माझी काळजी संपलेली नाही, नुसती हँडलवरून किल्लीवर आली आहे. तुमच्याकडे कोणी माझ्या वयाचा असेल आणि त्याला नवी वायरिंग केली असेल, तर त्याच्यावरून उतरताना क्षणभर मागे वळून बघा. त्याला सांगता येत नाही.

दादा रोज बघतात. जेवण झालं की बाहेर येतात, दिवा विझलेला आहे ना ते पाहतात आणि जातात. थोड्या वेळाने वहिनी येतात, दादांनी नीट पाहिलं की नाही ते पाहायला.