उभं राहून खोका

मी बाभळीची बाज बोलतेय. सन एकोणीसशे त्र्याण्णव, भादव्याची पुनव. भूकंपानं औशाकडचं आमचं गाव दगडांचा ढीग झालं होतं. उजाडल्यावर माझ्या मालकानं, विरूपाक्षानं, नुसत्या हातांनी दगड उपसले, शेजाऱ्याची सहा वर्षांची देविका ओढून काढली आणि माझ्यावर निजवली. चौघांनी मला खांद्यावर घेऊन सडक गाठली. पोर जगली.

पुढं विरूपाक्ष मला घेऊन लातूरला आला. शिकवण्यांचं पीक जोरात होतं. त्यानं शिकवणीच्या पोरांना भाड्यानं द्यायला गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढल्या. दर जूनला पोरं आली की आम्हा सहा बाजांना तो एकटाच तीन जिने वर न्यायचा, उन्हाळ्यात खाली. हमाल सांगणं त्याला कमीपणाचं. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना अख्खं शरीर तोंडपाठ, पण माझं दुसरं टोक कुणी धरलं नाही. देविकाही तिथंच शिकली, डॉक्टर झाली.

सत्तरीत त्याच्या जांघेत लिंबाएवढा फुगा आला.

"वायू हाय," शेजारचे सटवाजी म्हणाले. त्यांना सगळ्यांत वायूच दिसतो.

"दवाखान्यात दाखवा की," बायको केवळाबाई म्हणाली.

दाखवलं. पण पुरुष उभ्यानं धोतर सोडत नसतो म्हणे! डॉक्टर घरी आले तरी हा माझ्यावर आडवा, वर चादर. आडवा झाला की फुगा आत. डॉक्टरांच्या हाताला काय लागणार? दोन वर्षं हा तमाशा. उठला की फुगा हजर. मला हात असता तर हाणलं असतं.

मग एकदा उलटी झाली, फुगा दुखला. केवळाबाईनं देविकाला बोलावलं.

"काका, उठा. उभे राहा. धोतर सैल करा."

"पोरीसमोर? न्हाई."

"दगडाखालून मला काढलं, तेव्हा माझ्या अंगावर काय होतं? तेव्हा लाजलात?"

विरूपाक्ष उठला.

"खोका."

खोकला. फुग्यानं तिच्या बोटांना धक्का दिला.

"अंतर्गळ आहे, हर्निया. बाजा वाहून वाहून आतडं बाहेर येतंय. अजून आत जातंय म्हणून वाचलात. अडकलं असतं तर तिथंच सडलं असतं. आजच चला."

ऐका, मिशीवाल्यांनो: जांघेतलं दुखणं आडवं पडून सांगू नका. आम्ही बाजा ते झाकतो.

ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी तो माझ्यावर टेकला. देविका पायथ्याशी बसली होती. तो उठून उभा राहिला, जांघेवर हात ठेवला आणि कुणी न सांगता खोकला. हाताला धक्का लागला नाही.

"दगडाखालचं देणं फिटलं, पोरी," म्हणाला.